मामांनी कापलेली तूर

तुरीला फूल आलं की माझा उजवा खांदा दुखायला लागतो. डॉक्टर म्हणाले, हात वर धरून काम करणाऱ्यांचं असं होतं. गवंड्यांचं होतं, रंगाऱ्यांचं होतं, फळ्यावर लिहिणाऱ्या मास्तरांचं होतं. थंडीत आखडतो, शेकत जा. मी शेकते. पण थंडी पडायच्या आधीच, हुमनाबादहून कोहिनूरला जाणाऱ्या बसच्या खिडकीतून तुरीचं पहिलं फूल दिसलं की तो आतून ठणकायला लागतो, आणि मला कळतं, आले ते दिवस.

लांबून तुरीचं रान पिवळं दिसत नाही. धुऊन धुऊन विटलेल्या हिरव्या लुगड्यावर कुणी हळदीचा हात पुसावा, तसं काहीतरी दिसतं. जवळ गेलं की एकेक फूल पिवळंधमक, आणि पाकळीच्या पाठीवर बारीक तांबड्या शिरा. या दोन्हींच्या मधलं, बांधावर उभं राहिलं की डोळ्यांत भरतं ते, मला अजून रंगवता आलेलं नाही. पिवळा वाढवला की मोहरी होते. हिरवा वाढवला की नुसतं गवत. जरा तांबडा मिसळला की सगळंच मातकट होऊन बसतं. इतकी वर्षं या एका रंगाच्या मागं लागून मी दमले आहे, हे आता सांगायला हरकत नाही.

यंदा पाऊस मागं लांबला, फूलही उशिरा आलं. बसमध्ये शेजारच्या बाई फोनवर कन्नडमध्ये कुणाला तरी सांगत होत्या की अळी पडायच्या आत औषध मारून घ्या. मी खिडकीच्या गजाला डोकं टेकलं. बाहेर मैलोन् मैल तूर होती आणि मला एकही चित्र सुचत नव्हतं. मनात येत होती ती एकच तुरीची वेळ. मामा आमच्याकडे राहायला आले होते, ती. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाच म्हणतात.

मी चित्रकार आहे, हे वाक्य म्हणताना मला अजूनही अवघडल्यासारखं होतं. हुमनाबादला मला 'ड्रॉइंगच्या बाई' म्हणतात. संध्याकाळी पोरी शिकवणीला येतात; कुणाला शाळेची परीक्षा द्यायची असते, कुणाला लग्न ठरेपर्यंत काहीतरी शिकायचं असतं. कलबुर्गीला चित्रकला शिकून मी या गावात सून म्हणून आले. नवरा, विलास, औषधांच्या कारखान्यात आहे, पाळीपाळीनं ड्युटी असते. त्याचा डबा, धुणं, भाकरी झाल्या की मागच्या पत्र्याच्या खोलीत जायचं. उन्हाळ्यात तिथं थांबवत नाही, पावसाळ्यात पत्र्याचा आवाज सहन होत नाही. राहता राहिला हिवाळा. कापड बसवकल्याणच्या बाजारातलं मांजरपाट. ते चौकटीवर ताणून, खळ देऊन, पांढरा हात मारून घ्यायचा. रंग हैदराबादहून येणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीतून येतात. हायवे जवळ आहे. भरलेली लॉरी गेली की खोलीची जमीन थरथरते, ब्रश हलतो. माझ्या चित्रातल्या रेघा सरळ नसतात. त्याला कुणी शैली म्हटलं तर मी गप्प बसते.

मागं शिकवणीतल्या एका पोरीनं विचारलं, "बाई, तुमाला चित्र सुचतं कुठून?"

मी म्हणाले, बघायचं. बघत राहायचं. तिचं समाधान झालं नाही. माझंही झालं नव्हतं. खरं उत्तर असं होतं की सुचत वगैरे फारसं नाही. आज भाकरी नीट टम्म फुगली, आज ब्रश नीट चालला, एवढंच. भाकरीच्या पिठानं भरलेला हात धुऊन रंगात घालायचा आणि रंगाचा हात धुऊन पुन्हा पिठात. कधी कधी हात धुवायचाच कंटाळा येतो.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मला हैदराबादहून फोन आला. तिथं चित्रं मांडायचं एक लहानसं दालन आहे. ते चालवणाऱ्या बाईंनी माझी दोन चित्रं कुणाच्या तरी घरी पाहिली होती. त्या म्हणाल्या, संक्रांतीनंतर तुमची एकटीची चित्रं लावू. समोरच्या भिंतीवर एक मोठं हवं, बाकी लहान चालतील. एकटीची. माझ्या केसांत तेव्हा पांढरे आले होते. मी फोन ठेवला, मग उगाच मोरीत जाऊन हंडे घासत बसले.

मोठं चित्र तुरीचंच करायचं, हे मी हंडे घासतानाच ठरवलं. दोन्ही हात पसरले तरी पुरणार नाहीत एवढी चौकट सुताराकडून करून आणली. ती खोलीच्या दारातून आत जाईना, म्हणून विलासनं दार चौकटीतून उतरवलं, आत घेतली आणि दार पुन्हा बसवलं. त्या दिवशी तोही खुशीत होता. "आता हैदराबादी बाई झालीस," म्हणाला.

दिवाळी झाली आणि कोहिनूरला, विलासच्या गावी, माझ्या थोरल्या जाऊबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. मामांना तेव्हा विसर पडायला लागून बराच काळ झाला होता. त्यांचं सगळं जाऊबाईच बघत. आता त्याच खाटेवर. भावजींनी शेताकडं बघायचं, बायकोकडं बघायचं, की बापाकडं? मामांना आमच्याकडं आणण्यावाचून इलाज नव्हता. त्यात कुणाचंच चुकलं नव्हतं. मला तेव्हा फार वाटायचं, कुणाचं तरी चुकायला हवं होतं.

मामा आले ते हातात काठी आणि अंगावर घोंगडी घेऊन. उंच, सडसडीत, कानांवर पांढरे केस. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्यासमोर माझ्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता. ते अंगणात आले की मी उठून उभी राहायची. आमचं बोलणं भिंतीला सांगितल्यासारखं व्हायचं. "चहा झालाय म्हणावं." "नको म्हणावं." एवढ्या वर्षांत त्यांनी माझं नाव घेतलेलं मला आठवत नाही, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलेलंही आठवत नाही. चित्रकार बाईनं घरातल्या एका माणसाचा चेहरा पाहिलेला नसावा, हे मला तेव्हा विचित्रही वाटलं नव्हतं.

त्या दिवशी ते ओट्यावर टेकले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "अक्का, भाकर दे. लई भूक लागली."

मी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. त्यांची आई लहानपणीच गेली. अक्कानंच त्यांना वाढवलं. ती दिवसभर लोकांच्या रानात कामाला जायची आणि येऊन यांना जेवू घालायची. हे मला जाऊबाईंनी फोनवर सांगितलं. अक्का मी कधी पाहिली नाही. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीच ती वारली होती.

पहिले काही दिवस मी दुरुस्त करत राहिले. "मामा, मी सून हाय तुमची. विलासची बायकू." ते मान डोलवायचे, विचारात पडायचे. मग थोड्या वेळानं, "अक्का, माझी काठी कुठं ठिवलीस?" शेवटी मी सांगायचं सोडलं. अक्का झाले. अक्काच्या डोक्यावर पदर नसला तरी चालत होता.

मामा एका जागी थांबत नसत. सकाळ झाली की रानात जायचं म्हणून निघायचे. कुठल्या रानात, तर कोहिनूरच्या. चप्पल न घालता, हायवेच्या कडेनं. एकदा मी कणीक मळत होते तेवढ्यात बाहेर पडले. ढाबेवाले खालेदभाई त्यांना हाताला धरून घेऊन आले. "भाबी, बाबा कू संभालो. रोड के बीच में खडे थे, लॉरीवाला हार्न पे हार्न मार रहा था." मामा खालेदभाईंना सांगत होते की बैलं बुजतील, जरा हळू हाका.

त्यानंतर मी पुढच्या दाराला आतून कुलूप लावायला लागले. मामा दारापाशी जाऊन उभे राहायचे. कडी हलवायचे. रागवायचे नाहीत, नुसते उभे. मी मागच्या खोलीत ब्रश हातात घेऊन कान पुढं लावून बसायची. कडी वाजली की जायचं. वाजली नाही तरी जायचं, कारण वाजत का नाही? रात्री ते उठायचे, मग मीही उठायची. दिवसा डोळ्यांत वाळू घातल्यासारखं व्हायचं. मोठ्या कापडावर कोपऱ्यात थोडं रान उगवलं होतं, बाकी सगळं पांढरं.

विलासला एकदा बोलले. तो ड्युटीवरून येऊन जेवायला बसला होता.

"दार लावून घेत जा मग," तो म्हणाला.

"दार लावून स्वयंपाक व्हतो. चित्र व्हत न्हाई."

"मग मी कारखाना सोडून बसू काय? तू तर घरीच असतीस की."

तो चिडून बोलला असता तर मी भांडले असते. तो अगदी साधेपणानं बोलला, भाकरीचा तुकडा मोडत. म्हणून ते आत जाऊन बसलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी हातात ब्रश घेतला की ते ऐकू यायचं. घरीच असतीस की. खरंच होतं. माझं कामाचं ठिकाण म्हणजे ती पत्र्याची खोली. तिथं जायला उंबरा एकच ओलांडायला लागायचा. त्याला कामाला जाणं कोण म्हणणार?

मग येळवस आली. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं गाव रानात जेवायला जातं. रानातच कडब्याची कोप उभी करायची, पूजा करायची, आणि मग भज्जी, बाजरीची भाकर, ताकातली आंबील. भज्जी म्हणजे साऱ्या पालेभाज्या, ओल्या शेंगांचे दाणे, चिंच आणि बेसन घालून रटरटून शिजवलेली. वर्षातून एकदाच तशी लागते. आम्ही मामांना घेऊन कोहिनूरला गेलो. मला वाटलं होतं, रानात पाय ठेवला की त्यांना बरं वाटेल. ज्यासाठी रोज दाराशी उभे राहतात ते हेच तर रान.

मामा बांधावर उतरले. तूर कमरेच्या वर होती, शेंगा धरलेल्या, कुठं कुठं अजून फूल. त्यांनी डोळ्यांवर हात धरून सगळीकडं पाहिलं.

"हे कुणाचं रान?"

"आपलंच की, अप्पा," भावजी म्हणाले.

"आपलं न्हाई. आपलं हिकडं न्हाई."

नंतर ते कोपीपाशी पाहुण्यासारखे बसले. आंबील दिली तर दोन्ही हातांनी घेतली. भावजींना म्हणाले, "बरं पिकलंय तुमचं." भावजी उठून विहिरीकडं गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

येताना मी गेल्या साली रचून ठेवलेल्या तुराट्यांचा एक भारा घेतला. तुराट्या म्हणजे तुरीची वाळलेली खोडं. त्यांचा कोळसा चित्र काढायला फार चांगला होतो, विकतच्यापेक्षा मऊ. बोटभर तुकडे करायचे, साल काढायची, पावडरच्या जुन्या डब्यात गच्च भरायचे, झाकण मातीनं लिंपायचं आणि पाणी तापवायच्या चुलीत ठेवून द्यायचं. झाकणाच्या बारक्या भोकातून धूर यायचा थांबला की झालं. हे मी कॉलेजात असल्यापासून करते. तुकडे करायला खोलीत एक विळा ठेवलेला असतो.

भारा मागच्या खोलीत सोडला आणि मामा त्याच्याजवळ येऊन बसले. एक तुराटी उचलली. अंगठ्याच्या नखानं तिची साल खरवडायला लागले. ती झाली, दुसरी घेतली. माझ्याकडं बघत नव्हते, दाराकडं बघत नव्हते. मी हळूच ब्रश उचलला.

त्या दिवसापासून आमचं तसं सुरू झालं. सकाळची भाकर खाऊन मामा माझ्या आधी खोलीत जाऊन बसायचे. खरवड, खरवड, खरवड. बाहेर लॉऱ्या. आत तुराट्यांचा वास, तेलाचा वास, मामांच्या घोंगडीचा वास. माझं कापड भरत चाललं. मी पायापासून वर गेले, कापडाच्या तळाशी खोडं, मग पानांचा काळपट हिरवा, मग फुलं, आणि वर अगदी थोडं आभाळ. मधेच थांबून कोळशानं मामांना काढायची. त्यांची पाठ, वाकलेली मान, अंगठा. पहिल्यांदाच बघत होते. कपाळावर आठी होती ती रागाची नव्हती, उन्हाची होती. उन्हात डोळे बारीक करून करून कायमची पडलेली.

"अक्का, काय करायलीस?"

"रान काढायलेय."

"कुणाचं?"

"तुमचंच."

ते बघायचे. पटल्यासारखं करायचे. "पाखरं बसतेत."

"हाकला मग."

मग ते बसल्या जागेवरूनच "हाऽ, हाऽ" करायचे आणि पुन्हा साल खरवडायला लागायचे. मी दमलेली होतेच. रात्रीचं उठणं चालूच होतं. पण त्या दिवसांत दमणं आणि काम एकमेकांच्या आड येत नव्हतं. खोलीत दोन माणसं आपापलं काम करत बसलेली, एवढंच होतं. इतकं बरं काम माझं आधी झालं नव्हतं, नंतरही झालेलं नाही.

संक्रांत तोंडावर आली. चित्रात आभाळाची एक पट्टी राहिली होती. त्या दुपारी गॅसची टाकी आली म्हणून मी पुढं गेले. टाकी आणणाऱ्यानं जुनी टाकी ओढून बाहेर नेली, नवी लावून पाहिली, कुठं वास येत नाही ना ते बघितलं. मी कुलूप लावून मागं आले.

मामा चित्रासमोर पाय पसरून बसले होते. थंडीतही कपाळावर घाम. शेजारी विळा.

चित्र मी भिंतीला टेकवून जमिनीवर उभं केलेलं होतं. त्यांनी ते खालून, जमिनीपासून चार बोटं सोडून, या टोकापासून त्या टोकापर्यंत कापलं होतं. तूर कापतात तसं, डाव्या मुठीत धरून उजव्या हातानं. मग उभ्या पट्ट्या फाडून काढल्या होत्या आणि पेंढ्या लावतात तशा ओळीनं जमिनीवर लावल्या होत्या. सगळ्यांचे शेंडे एका बाजूला. चौकट रिकामी झाली होती आणि तिच्यातून भिंतीचा चुना दिसत होता.

"अक्का, पाणी दे," ते म्हणाले. "झाली बघ सगळी काढून."

मी आधी विळा उचलून वर पत्र्याच्या आढ्यावर ठेवला. मग त्यांचे तळवे उलटे करून पाहिले. कुठं कापलं नव्हतं. मग तांब्या भरून आणला. त्यांनी वरून धार धरून पाणी प्यायलं, मिशा पुसल्या आणि भिंतीला टेकून समाधानानं डोळे मिटले. मी मागच्या पायरीवर जाऊन बसले. रडू आलं नाही. रडायलाही अंगात जोर लागतो.

विलास आला तेव्हा अंधारायला लागलं होतं. त्यानं दिवा लावला, पाहिलं. मग खाली बसून त्या पट्ट्या उचलून एकमेकींना जोडून बघायला लागला. कुठली कुठं लागते ते त्याला कळत नव्हतं. फुलं खोडांना लावत होता.

"शिवता येईल काय?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"मागनं चिकटपट्टी लावून?"

"न्हाई, विलास."

तरी तो जोडत बसला. मीच मग त्याच्या हातातून पट्टी काढून घेतली आणि जेवायला चल म्हणाले.

ही गोष्ट मी नंतर कुणाकुणाला सांगितली. सांगितली की समोरच्याचे डोळे चमकतात. केवढी दाद मिळाली तुम्हाला, म्हणतात. शेतकऱ्याला चित्रातलं रान खरं वाटलं, यापरतं काय पाहिजे? मी हसते. मला ते कधीच पटलेलं नाही. त्याच आठवड्यात मामांनी घरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीला दोरी बांधून ती खिडकीच्या गजाला अडकवली होती आणि तिच्यापुढं कोथिंबिरीची जुडी टाकली होती. वासरू म्हणून. त्या खुर्चीचं कुणी कौतुक केलं नाही. पण एक आहे. खऱ्या रानात उभे राहून त्यांनी हे आपलं नाही म्हटलं होतं, आणि माझं रंगवलेलं आपलं म्हणून कापलं. याचा अर्थ काय लावायचा, हे मला कळलेलं नाही. लावायचाच असेल तर अंगात ताकद असलेल्या कुणीतरी लावावा.

हैदराबादच्या बाईंना मी फोन केला. लहान चित्रं आहेत, मोठं नाही, म्हणाले. कारण सांगितलं. त्या कनवाळू होत्या. घरात म्हातारं माणूस असलं की असं होतंच, म्हणाल्या, त्यांच्याही आईचं असंच होतं. पण समोरची भिंत रिकामी ठेवता येत नाही, आणि तारीखही हलवता येत नाही. माझ्या दिवसांत दुसऱ्या एका चित्रकाराची चित्रं लागली. पुढच्या वर्षी बघू, म्हणाल्या. पुढच्या वर्षी मी एकदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. मग मीही केला नाही.

शिमगा झाल्यावर जाऊबाई काठीनं चालायला लागल्या आणि भावजी मामांना घेऊन गेले. आषाढात कोहिनूरलाच ते वारले. शेवटपर्यंत त्यांना मी सून आहे हे कळलं नाही. नंतर कलबुर्गीत एकदा आम्ही पाच-सहा जणांनी मिळून चित्रं मांडली, त्यात मी त्यांची कोळशानं काढलेली चित्रं लावली. उन्हाळा होता. बरेच लोक पंख्याखाली बसायला म्हणून आत येत होते. एक बाई मात्र मामांच्या पाठीच्या चित्रासमोर उभी राहिली आणि मला म्हणाली, हे झोपलेत की काम करतायत? मी सांगितलं, काम करतायत. ती म्हणाली, मला वाटलंच.

मोठं चित्र मी पुन्हा करायला घेतलं नाही असं नाही. दर तुरीला घेते. कापड ताणते, खळ देते. थोडं रान उगवतं आणि मग मला वाटतं, राहू दे. यंदाही वाटेल. बस कोहिनूरच्या फाट्याला थांबली, मी उतरले, खांदा चोळत बांधाबांधानं चालत गेले. फुलांवर माशा घोंघावत होत्या. रंग तोच, अजून न जमलेला. पण खरं सांगायचं तर आता त्या दिवसांतलं मला आठवतं ते कापलेलं चित्र नाही. आठवते ती त्यानंतरची एक दुपार.

हैदराबादला फोन करून झाला होता. काम उरलं नव्हतं. मी मागची खोली झाडायला गेले आणि झाडता झाडता मधेच थांबले. केरसुणी हातात, आणि पुढं काय करायचं ते आठवेना. मामा कोपऱ्यात तुराट्या खरवडत बसले होते.

"अक्का, दमलीस?" त्यांनी विचारलं.

त्या सगळ्या हिवाळ्यात मला हे कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

"व्हय," मी म्हणाले.

"मग पड की जरा."

सासऱ्यासमोर सुनेनं भिंतीला पाठ टेकणंसुद्धा आमच्या घरात बसत नव्हतं. मी केरसुणी ठेवली. जमिनीवर पोतं अंथरलेलं होतं, त्यावरची सालपटं हातानं बाजूला केली आणि तशीच आडवी झाले, रंगाच्या डब्यांमध्ये. त्यांनी आपली घोंगडी माझ्या पायांवर टाकली. जाड, टोचणारी, धुराच्या वासाची. पुढच्या दाराला कुलूप लावलंय की नाही हा विचार मनात आला आणि पुरा व्हायच्या आधीच मला झोप लागली.

मधे शिकवणीच्या पोरी आल्या होत्या, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मामांनी खिडकीतूनच त्यांना परत लावलं. आज साळा न्हाई, म्हणाले.

मला जाग आली ती विलासच्या आवाजानं. खोलीत अंधार झाला होता. ते कुलूप बाहेरूनही उघडतं, दुसरी किल्ली त्याच्याकडं असते, तो आत आला होता आणि घरात दिवा नाही, चूल नाही, बायको जमिनीवर पडलेली, हे बघून घाबरला असावा.

"काय झालं? अप्पा, काय झालं हिला?"

"हळू बोल," मामा म्हणाले. ते तिथंच माझ्या उशाशी बसलेले होते. "अक्का सकाळधरनं रानात व्हती."

विलास दारात उभा राहिला. मग त्यानं पायातले बूट काढले, आवाज न करता भिंतीकडेला ठेवले आणि स्वयंपाकघरात गेला. तांदूळ धुतल्याचा आवाज आला.

मी जागी झाले होते. तरी डोळे उघडले नाहीत.